गुणाजी तांडेलांच्या तीन मुलांचा फोटो

सोमवार, ता. ११ नोव्हेंबर १८९५. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. गिरगाव.
स्टुडिओच्या मागच्या खोलीत फोटोच्या काचेच्या प्लेटा धूत होतो. नववी प्लेट हातात असताना मालकांनी, म्हणजे रघुवीररावांनी, हाक मारली. ते पुतणीच्या लग्नाला पुण्यास चालले आहेत. पुढच्या सोमवारी माझगावचे गुणाजी तांडेल आपल्या तीन मुलांना घेऊन येणार. तो फोटो मी काढायचा. मी! चार वर्षे प्लेटा धुतल्यावर!

अट अशी. फोटो चांगला आला तर क्यामेरा माझ्याकडे आणि पगार नवाचा पंधरा. नाही आला तर पुन्हा मागची खोली, आणि विषय परत काढायचा नाही. चार प्लेटा मिळतील. वाया जातील त्यांचे पैसे पगारातून.

घरी बायकोला, कालिंदीस, सांगितले. पंधरा झाले की अप्पांच्या बिऱ्हाडातून निघून स्वतंत्र खोली घेता येईल. (अप्पा म्हणजे माझे चुलत भाऊ. एका खोलीत आम्ही तिघे आणि ते सहा.) ती म्हणाली, खोली कोणत्या मजल्यावर बघायची? तिला माझी खात्री आहे.

मंगळवार, ता. १२. रात्री.
विचार केला. मुलांचे फोटो बिघडतात, कारण फोटो काढणारा घाबरलेला असतो. आपण शांत असलो की मुले शांत. एवढी साधी गोष्ट आजवर कोणाच्या ध्यानात आली नाही.
उद्यापासून शांत राहायचे.

बुधवार, ता. १३. सायंकाळी.
नलूवर सराव केला. आमची नलू तीन वर्षांची. बिस्किटांच्या डब्याचा क्यामेरा केला, वर घोंगडी घेतली आणि आतून अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणालो, "बाळ, हसा."
नलू किंचाळत अप्पांच्या पायांना जाऊन बिलगली. अप्पा म्हणाले, अरे, घोंगडीतून अस्वलासारखा बोललास तर पोर हसेल कशी? कालिंदी म्हणाली, निदान तोंड तरी बाहेर ठेवा. मी तोंड बाहेर काढल्यावर म्हणाली, नाही, आतच बरे होते.
निष्कर्ष: नलू भित्री आहे. पद्धतीत दोष नाही.

शुक्रवार, ता. १५. सकाळी सहा.
बेत लिहून काढला. सतरा कलमे. शाई पसरली म्हणून पुन्हा स्वच्छ लिहिला. थोडक्यात: ८-१० आगमन. ८-१५ मुलांशी गोड बोलणे. ८-२५ मुले प्रसन्न. ८-३० पहिली प्लेट. ८-४५ समाप्त. उरलेल्या तीन प्लेटा मालकांस परत. (चेहऱ्यावर गर्व नको.)
काल शिटी, बत्तासे आणि लाकडी पोपट विकत घेतला. शांत राहण्याने रात्रभर झोप नाही.

शनिवार, ता. १६. दुपारी.
कलम तिसरे: मुलांचा आधी परिचय करून घेणे. म्हणून ट्रामने माझगावास गेलो. कोट, काळी पिशवी, हातात वही. बंदरावर तिन्ही मुले जाळ्यांपाशी खेळत होती. मी नावे विचारली आणि वये वहीत लिहू लागलो, तोच "टोच्या आला!" असे ओरडत तिन्ही उलटून ठेवलेल्या होडीखाली घुसली. देवी टोचणारा माणूस असाच वही-पिशवी घेऊन येतो म्हणे.
त्यांची आजी रखमा बाहेर आली. कमरेवर हात. म्हणाली, "आमचे पोरांना टोचून झालंय. जा, तिकडं शिवडीला टोच."
मी फोटोवाला असल्याचे तिला सविस्तर सांगितले. ती म्हणाली, "मग घाम कशाला फुटलाय रं तुला?"
एकंदरीत परिचय झाला. धाकट्या शेवंताने तर होडीखालून माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

सोमवार, ता. १८. रात्री. अंग मोडून आले आहे, तरी लिहितो.
८-१०. कोणी नाही.
९-१०. कोणी नाही. बत्ताशांना मुंग्या.
१०-४०. आले. एकंदर अकरा माणसे. सोमवारी म्हावरा, म्हणजे मासळी, खपत नाही, म्हणून सगळे मोकळे.
१०-४१. थोरल्या धोंडूने मला ओळखले. "टोच्या!" तिन्ही मुले रडू लागली. कलम चौथे, गोड बोलणे, आवाज चढवून करावे लागले. पोपट दाखवला, तर त्यावरून धोंडू-चंदूची मारामारी.
पहिली प्लेट: क्यामेऱ्याचे टोपण काढले आणि चंदू जिन्याकडे पळाला.
दुसरी: तिघेही स्थिर! पण प्लेटीपुढची फळी सरकवायला मीच विसरलो, प्लेट कोरीच. (शांतपणा जरा जास्त झाला.)
तिसरी: हातातून पडली.
उरली एक. तेवढ्यात रखमा आजी उठली. म्हणाली, "थांब. तिघांना एकत्र बसवून काढतोस? तीन तिगाडा! एकाला काय झालं म्हंजे?"
म्हटले, मग चौथे कोणीतरी बसा. गुणाजी म्हणाला, मी दर्यावर जाणारा, माझे रूप कागदात कोंडून ठेवायचे नाही. बाकीचे पुरुषही दर्यावरचेच. आजीच्या सुनेला सातवा महिना. मी आजीलाच विनंती केली. ती म्हणाली, फोटो काढला की आयुष्य कमी होते.
मी विचारले, मग मुलांचे?
"चौघांत वाटून जातंय ते," ती म्हणाली. "तूच बस की चौथा. तुझं काय जातंय?"
मी बसलो तर टोपण कोण काढणार? त्यासाठी शिक्षण लागते, हे मी तिला समजावले. ती म्हणाली, "चाळीस वर्सं म्हावऱ्याच्या पाटीवरचं फडकं काढते नि घालते. मना नको शिकवू."
शेवंताला मांडीवर घेऊन मी मधे बसलो. आजी क्यामेऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "जो हलंल त्याला आठ दिवस भात नि मीठ."
तिन्ही मुले दगड झाली. मासळीचे वाटे लावताना मोजतात तशी ती सावकाश मोजू लागली. मी मात्र तिला खुणेने सूचना देत होतो. कोणीतरी लक्ष ठेवायला हवेच ना.

मंगळवार, ता. १९. सकाळी.
प्लेट धुतली. मुले अप्रतिम. शेवंताच्या पापण्या मोजता येतात. मधे माझा कोट, गुंड्यांसकट. कोटाच्या वर धूर. नीट पाहिल्यास धुरात तीन नाके दिसतात.
पण फोटो मुलांचा आहे, आणि मुले हलली नाहीत. रचना माझी. पंधरा नक्की. कालिंदीला खोली बघून ये म्हणून सांगितले.

गुरुवार, ता. २१. रात्री.
मालक परत आले. फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाले, अकरा वर्षांत एकही मूल न हललेला फोटो पहिल्यांदा पाहतो आहे. टोपण कोणी काढले?
मी म्हणालो, आम्ही.
मालक म्हणाले, तू तर इथे धुरात दिसतो आहेस.
तेवढ्यात गुणाजी आला. त्याला फोटो फार आवडला, सहा प्रती सांगितल्या. मधल्या धुराचे काय, असे मालकांनी भीतभीत विचारले. तो म्हणाला, आई म्हणते तो हवाच. पोरांना लागायची ती दृष्ट त्याला लागेल, तीट लावायला नको.
मालक गालात हसले. गुणाजी गेल्यावर मला जवळ बोलावले. परळहून परवा एक मंडळी येणार आहे, तीन मुली. लालबागचे एक आहेत, त्यांचीही मुले तीनच. "माधव, तू मधे बसत जा," म्हणाले. "आणि तस्साच हल. बाकी वेळ मागची खोली."
क्यामेऱ्याबद्दल तोंड उघडणार होतो. त्यांनी बोट वर केले.
घरी कालिंदीस सांगितले. अप्पांची मंडळी निजली होती. ती म्हणाली, आपल्या कोपऱ्याचा पडदा काढून धुऊन ठेवला होता, नव्या खोलीत नेता यावा म्हणून. परत बांधते. मी दोरीचे एक टोक धरले.

खर्च: शिटी आणा १, बत्तासे आणा १, पोपट आणे ४, ट्राम आणे २. एकूण आणे ८.
देणे: वाया गेलेल्या प्लेटा तीन, दर सहा आणे. एकूण रुपया १, आणे २.
जमा: चौथा म्हणून बसल्याबद्दल मालकांकडून, आणे २.