चौकाच्या अलीकडे उतरणे

१ मार्च १९७८
कवडू सायकलवाल्याकडून जुनी सायकल घेतली. ऑफिसला तर कामाची आहेच, पण खरा उपयोग तेरा तारखेपासून. चारुशीलेची मॅट्रिक. सेंटर लकडगंजात, आपण हनुमाननगरात. शेजारचे रुपराव तिला स्कूटरवर सोडतो म्हणाले. नम्रपणे नकार दिला. पोरीला परीक्षेला बापानेच न्यायचे असते.

४ मार्च
प्रॅक्टिस. चढायला मला ओटा लागतो. ही अडचण नव्हे, पद्धत आहे. उतरताना गुडघा खरचटला. ब्रेकचा दोष. कवडू म्हणतो, ब्रेक चांगला आहे, तुम्हीच उशिरा दाबून राहिले. त्याला सायकलमधले फारसे कळत नसावे.

९ मार्च
चारूला कॅरिअरवर बसवून ट्रायल. डबलसीट म्हणून पोलिसाने चौकात दोन्ही चाकांची हवा सोडली. ढकलत घरी. वाटेत नवा नियम ठरवला. चौकाच्या अलीकडे चारूने उतरायचे, पायी चौक ओलांडायचा, पलीकडे मी वेग कमी केला की उडी मारून बसायचे. चौक सहा. टाइमटेबल भिंतीला लावले. ते वाचून ही म्हणाली, काहून जिद करून राहिले, रुपरावभाऊ नेतो म्हणतात ना तिले. टाइमटेबलाला आणखी एक खिळा ठोकला.

१३ मार्च
मराठीचा पेपर. दहा मिनिटे उशीर. सहाही चौकांत पोलीस हजर, माझ्या सोयीचा ओटा मात्र एकाच ठिकाणी. चारू काही बोलली नाही. समजूतदार आहे.

१७ मार्च, सकाळी ९
आज भूमिती. तिला याच पेपरची धास्ती. यात मार्क मिळाले तरच पॉलिटेक्निक. मी म्हटले, वेळेची काळजी माझ्यावर सोड. मराठीच्या दिवसापेक्षा दहा मिनिटे आधी निघणार.

१७ मार्च, दुपारी ४
काय झाले ते लिहून ठेवतो.
गांधीबागेच्या चौकापर्यंत सर्व टाइमटेबलप्रमाणे. चारू उतरली. पलीकडे गेलो तर वेग छान जमला होता, मोडवेना. मागे धप्प झाले. वाटले, बसली. (खड्डा होता.) पुढे तिला पायथागोरसचे प्रमेय समजावत गेलो. ती गप्प. म्हटले, मनात उजळणी करत असेल.
गेटवर पोचून मागे पाहिले. कॅरिअर रिकामे.
हॉलतिकीट आणि कंपासपेटी माझ्या हँडलच्या पिशवीत. परत शोधायला जावे तर चुकामूक व्हायची. अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत. मी पिशवी छातीशी धरून उभा. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.
पेपर सुरू होऊन पंचविसाव्या मिनिटाला ती धावत आली. एका पायात चप्पल नव्हती. धापा टाकत एवढेच म्हणाली, बाबा, मी बसलीच नव्हती. पिशवी घेऊन आत गेली.
घरी आईला तिने पंक्चर झाल्याचे सांगितले. ते ऐकून मला फार वाईट वाटले.

१८ मार्च
उपाय सापडला. चारूने दर मिनिटाला हूं म्हणायचे. सुधारित टाइमटेबल लावायला गेलो, तर भिंतीवर आधीचेच नव्हते. हिला विचारले नाही.

२० मार्च
सकाळी पाहतो तर सायकलची सीट दोन बोटे खाली. चारू म्हणाली, आज मी चालवते, तुम्ही मागं बसा, तुम्हाले ऑफिसात सोडून मग सेंटरवर जाते. विचारले, तुला केव्हापासून येते? म्हणाली, सातवीपासून, तुम्ही कधी विचारलंच नाही.
बसलो. कॅरिअरवर वजन असले की सायकल स्थिर राहते, म्हणून.
तिला चढायला ओटा लागला नाही. चौक आला. नियम माझाच, मी उतरलो. पायी ओलांडताना ती दिसते का, हे दोनदा टाचा उंचावून पाहिले. पलीकडे ती एक पाय जमिनीला टेकून थांबली होती.
मी बसलो तरी ती लगेच निघाली नाही. आधी मागे हात करून मला चाचपून पाहिले.