करूनमधला रू

प्रिय उंटा,

कागदावर ‘उंटा’ फार उद्धट दिसतं, पण तुझं खरं नाव घातलं तर पत्र बँकेकडून आल्यासारखं वाटेल आणि तू ते न उघडताच कपाटावर टाकशील. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि दोन ओळींत जागा सोडलीय. तू अक्षर लावत लावत वाचतोस. सावकाश वाच, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

आधी पायाचं सांगतो. कुबड्या सुटल्या, आता एक काठी आहे. गुडघ्यातली तुटलेली दोरी काढून तिथे माझ्याच मांडीमागची एक शीर बसवलीय, असं डॉक्टरांनी समजावलं. म्हणजे घरातल्या घरातच ठिगळ. ते मुरायला वेळ लागतो म्हणे. तोवर मांडी मात्र इतकी वाळली की दोन्ही पाय शेजारी ठेवले तर वेगवेगळ्या माणसांचे वाटतात. व्यायामाच्या बाई पहिल्या दिवशी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून म्हणाल्या, “दाबा.” मी दाबतोय, दाबतोय, आणि मांडी ढिम्म. माझीच मांडी, मीच हुकूम सोडतोय, आणि ती ऐकतच नाही. घाम फुटला रे मला. बाई म्हणाल्या, “भाऊ, पाय तुमचाच आहे, पाहुण्यासारखं काय वागवता त्याला?” मग एकदा कधीतरी कातडीखाली काहीतरी हललं, माशानं शेपूट हलवावी तेवढंच. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला रडू येईल की काय अशी भीती वाटली म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो.

आता गुडघा बराच वाकतो, पण उकिडवं बसता येत नाही. मोजा घालायचा तर तो आधी जमिनीवर पसरून पाय त्यात सरकवावा लागतो. जिना उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. हे मी इतकं घोकलंय की पायरीवर पोचेपर्यंत कोणता आधी तेच विसरतो, आणि मध्येच कठडा धरून उभा राहतो. खालच्या घरमालकीणकाकूंनी परवा तसं बघितलं आणि विचारलं, “काय रे, पुतळा बसवायचाय का इथे?” काकू बऱ्या आहेत. सकाळी दारातूनच ओरडतात, “आहेस का?” मी म्हणतो, “आहे.” “मग केर काढ,” म्हणतात आणि जातात. पुष्कळदा दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच होतं.

खोली तू पाहिलीयसच. खाट खिडकीकडे सरकवून घेतलीय. औषधाच्या खोक्यांवरचा सगळा मजकूर वाचून झाला. एका गोळीच्या कागदावर ‘दुध’ ऱ्हस्व छापलंय, ते पेनानं दुरुस्त केलं. दुपारी जिन्यावर पाय वाजले की मी उठून शर्टाची बटणं लावतो, दुसरी खुर्ची भिंतीपासून ओढून ठेवतो. पाय खालच्याच मजल्यावर थांबतात. मग खुर्ची परत भिंतीला. तुला टोमणा मारत नाही. खुर्ची ओढण्याचाही व्यायामच होतो.

आता ते लिहितो, जे फोनवर आपण दोघंही टाळतो. त्या सायकलच्या दुकानाच्या पाटीचं. फळी काही उंच नव्हती, दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकलेली, खालून तुझा हात पोचेल एवढीच. पाटीवर ‘येथे सायकल दुरुस्ती करून मिळेल’ पुरं होत आलं होतं. तू खाली रंगाचा डबा ढवळत होतास आणि ओरडलास, “पंतोजी, गेली की इज्जत! करूनचा रू ऱ्हस्व काढलास!” तुला ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे कुठल्यातरी नवरा-बायकोची नावं वाटतात, तू मला चिडवतोयस हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी मागे सरलो. जमिनीवर उभं राहून रंगवताना आपण सरतो ना, डोकं जरा तिरकं करून, तसा अक्षर बघायला मागे सरलो. फळी तिथेच संपली होती. पाय घोड्याच्या दांड्यांत अडकला आणि अंग मात्र फिरलं. तो आवाज तूही ऐकलास. पण तुला एक गोष्ट माहीत नाही. पडल्या पडल्या मी आधी पायाकडे नाही, पाटीकडे बघितलं. रू दीर्घच होता.

हॉस्पिटलात तू बाहेरच्या बाकावर बसून होतास, हे मला नर्सनं सांगितलं. माझ्या चपला तिच्या हातात दिल्यास आणि गेलास. नंतर फोन करत राहिलास, ते खरं. प्रत्येक वेळी तेच, “काम बंदच आहे रे, तू आलास की सुरू करू.” मला आधी फार बरं वाटायचं. मग काळजी वाटायला लागली, हा खातो काय? मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, माझं डोकं हळू चालतं, पण रिकामं असलं की चालतच राहतं. एका दुपारी तू बोलता बोलता फोन बाजूला धरलास आणि कुणाला तरी म्हणालास, “धरलंय, धरलंय, चढा तुम्ही.” लगेच मला म्हणालास की आवाज येत नाही, आणि फोन ठेवलास. उंटा, शिडीच्या बुडाशी पाय रोवल्याशिवाय तू ते म्हणत नाहीस, आणि ते ऐकल्याशिवाय मी पहिल्या पायरीवर पाय ठेवलेला नाही. तेव्हा कळायचं ते कळलं. त्यातही ‘चढा तुम्ही’! मला तू कायम ‘चढ की लेका’ म्हणत आलास.

मग बाईंनी कोपऱ्यापर्यंत चालायला परवानगी दिली. कोपऱ्यावर लाँड्री आहे, तिची पाटी नवी. पिवळ्यावर निळी अक्षरं, आतली भरणी तुझी. कडेला रंग जरा दाट ठेवायची तुझी खोड मी दहा पाट्यांतून ओळखीन. अक्षरं कुणाची ते कळेना. ‘कपडे धुऊन व इस्त्री करून मिळतील.’ मी उन्हात उभा राहून एकेक अक्षर तपासलं. करूनचा रू दीर्घ. आणि ‘धुऊन’! सगळे ‘धुवून’ लिहितात रे, चांगले शिकलेले लिहितात. मीसुद्धा आधी तसंच लिहायचो. तिथे ‘धुऊन’ होतं. एकही चूक नव्हती. एखादी असती तर मी घरी जाऊन शांत झोपलो असतो.

लाँड्रीवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, “एक ताडमाड माणूस होता आणि एक बाई. बाई वर, हा खाली. बाईंचा हात काय सुरेख! आणि तो बाबा तर शिडीला डकवल्यासारखा. म्हटलं चहा घ्या, तर म्हणतो, त्या उतरल्याशिवाय नाही. चहा पार गार झाला, साय धरली त्याच्यावर.” मी हसलो, त्यांना वाटलं चहाला हसलो. एरवी शिडी सोडून चहाला पळणारा तू, मी वरून बोंबलत राहायचो. परत येताना जिन्यात बराच वेळ बसलो. त्या रंगवणाऱ्या बाईंचा राग आला नाही. तुझा थोडा आला, लपवलंस म्हणून. मग तो गार चहा डोळ्यांपुढून हलेना आणि रागही टिकला नाही. तू माझ्या खोलीवर का येत नाहीस, हे मला त्या चहानं सांगितलं. ऐक, तू ओरडला नसतास तरी मी मागे सरलो असतो. त्या पाटीसाठी नाही तर पुढच्या पाटीसाठी. माझ्या मनाला खात्री म्हणून कधी पुरत नाही, हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

पत्र लिहायला मात्र हे कारण नाही. लाँड्रीवाले म्हणाले की तुम्हाला गोदामाची अख्खी लांब भिंत मिळालीय. म्हणजे शिड्या दोन लागणार, तुझ्या त्या बाई अक्षरं काढत पुढे जाणार आणि तू भरत मागून येणार. दोघंही वर. मग खाली कोण? डॉक्टर मला शिडीचं नाव काढू देत नाहीत, आणखी किती दिवस तेही सांगत नाहीत. मला उकिडवं बसता येत नाही, वाकता येत नाही, वर चढता येत नाही. पण उभं राहता येतं. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा, हाच सध्या माझा व्यायाम आहे. व्यायामाच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, मधूनमधून टेकायला स्टूल ठेवा, मग चालेल. अक्षरांबद्दल मी खालून एक शब्द बोलणार नाही, तसं तुझ्या त्या बाईंनाही सांग. दोन्ही शिड्या एकट्याला जमणार नाहीत, एक जमेल. तुम्हाला माणूस हवा असेल तर मला घ्या. नको असेल तर तेही सांग, पण फोनवर नको. वर येऊन सांग.

तुझाच, सध्या जमिनीवर असलेला,
पंतोजी