आप्पांसाठी आफ्रिकन हॉटेल

बेंगळूर,
१२ फेब्रुवारी

प्रिय वृषभ,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते उलटसुलट करून कुणाची लग्नपत्रिका आहे ते बघशील. कुणाचंही लग्न नाही. फोनवर आप्पांचा विषय काढला की तू "आक्का, रानात हाय, मागनं बोलतो" म्हणून ठेवून देतोस. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आप्पांना तू महिन्यापूर्वी माझ्याकडे पाठवलंस तेव्हा त्यांचं वजन सेहेचाळीस किलो होतं. आई गेली तेव्हा अठ्ठावन्न होतं. इथल्या डॉक्टरांनी पोटात नळी घालून बघितलं, रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं नीट आहे. तुमच्या वडलांना रोग नाही, ते फक्त जेवत नाहीत, असं त्यांनी मला समजावलं, जणू ते मला माहीतच नव्हतं. हे असंच चाललं तर पावसाळा काही दिसायचा नाही, हेही सांगितलं. मी वरणफळं केली, कटाची आमटी केली, आईसारखी दोडक्याची भाजी केली. दोन घास घेऊन "न्हाय जात गं" म्हणून ताट सरकवायचे. मला भीती वाटत होती, हे कबूल करते.

पाचव्या दिवशी पेपर वाचता वाचता त्यांनी विचारलं, "हितं आफ्रिकेचं हॉटेल असंल काय गं कुठं?" मी चहाचा कप खाली ठेवला. तिकडच्या साखर कारखान्यात नऊ वर्षं ते पॅनमन होते, रस आटवून दाणा धरायचं काम. पण त्या नऊ वर्षांबद्दल त्यांनी आपल्याला कधी काही सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही. मला एवढंच आठवतं, की पहिल्या सुट्टीला ते आले तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि आईला विचारलं होतंस, हे पाव्हणं कवा जाणार? आई हसली होती. आप्पाही हसले होते, पण जरा उशिरा.

तर शोध सुरू झाला. फोनवर आफ्रिकन हॉटेल म्हणून टाकलं की पन्नास नावं येतात. पहिल्या रविवारी गेलो तिथं भिंतीवर सिंहाचं चित्र होतं आणि आत भाजलेली कोंबडी. आफ्रिका तेवढी त्या सिंहातच होती. दुसऱ्या रविवारच्या हॉटेलच्या जागी मोबाईलचं दुकान निघालं, फोटो मात्र अजून फोनमध्ये झळकतायत. तिसरं खरं होतं, नायजेरियाच्या माणसाचं. सगळं मासे आणि मटण. आप्पा शाकाहारी म्हटल्यावर त्या भल्या माणसानं कच्च्या केळ्याचे काप तळून दिले आणि पैसे घेतले नाहीत. दोन काप खाऊन आप्पा म्हणाले, ह्ये आमच्याकडचं न्हवं. मी वैतागून म्हटलं, आफ्रिकाच आहे की हे. तर म्हणाले, "आफ्रिका म्हंजे काय चिकोडी तालुका वाटला व्हय तुला?" आईमागे त्यांनी मला पहिल्यांदा टोमणा मारला. त्या दिवशी मला बरं वाटलं, आणि देश कुठला तेही तेव्हाच पहिल्यांदा विचारलं. इथिओपिया.

अक्कल शेवटी बाजारातच मिळाली. कम्मनहळ्ळीच्या एका गल्लीत आफ्रिकन मुली केसांच्या बारीक वेण्या घालून देतात, तसल्या एका पार्लरमध्ये मी सरळ शिरले आणि विचारलं, तुम्ही स्वतः कुठं जेवता? फोनवर लोकांनी हॉटेलांना दिलेल्या चांदण्या मोजण्यापेक्षा हे आधीच करायला हवं होतं. तिथल्या मुलीनं इथिओपियाच्या एका बाईचा पत्ता दिला. पाटी नाही, जिना चढून वर, चपलांचा ढीग दिसला की तेच.

शुक्रवारी बँकेतून अर्धी रजा काढून त्यांना घेऊन गेले. साडेचारला पोचलो. हिरुत नावाची ती बाई माझ्याच वयाची असेल. म्हणाली, जेवण सात वाजता. आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि जिन्याकडे वळले. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर ते पाणीसुद्धा घेत नाहीत, हे मी तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं हसेल. पण ती म्हणाली, आमच्या उपासाला ठरावीक वेळेच्या आधी खायचं नसतं, तुमचं वेळेनंतर खायचं नाही, एवढाच फरक. शुक्रवार तिच्याही उपासाचा होता. त्या दिवशी मांस, दूध, अंडं काही चालत नाही. तिकडं बुधवार आणि शुक्रवार सगळ्यांच्या उपासाचे, तेव्हा आपली चैन असायची, असं आप्पा मला म्हणाले, आणि मग तिच्याशी तिच्या भाषेत चार शब्द बोलले. चोवीस वर्षांनी. ती बाई कंबरेवर हात ठेवून बघतच राहिली, मग आत जाऊन तिनं चूल पेटवली.

साडेपाचला एक परातीएवढी आंबोळी आली, आंबूस, जाळीदार. तिला इंजेरा म्हणतात. वर मसुराची लालभडक आमटी, पिठल्यासारखं काहीतरी, कोबी. ताट एकच. आपल्याकडे उष्ट्याचं केवढं! मी वेगळी ताटली मागणार होते. तेवढ्यात आप्पांनी तुकडा तोडला, त्यात आमटी गुंडाळली आणि माझ्या तोंडासमोर धरला.

मी म्हटलं, तुम्ही घ्या आधी. हात तसाच. हिरुत म्हणाली, घे, आमच्यात हा घास नाकारत नाहीत. जवळचं माणूस शेजारी असलं की पहिला घास त्याच्या तोंडात घालायचा, मग आपण जेवायचं. मी तोंड उघडलं. वृषभ, एक्केचाळीस वर्षांच्या बाईला बाप भरवतोय आणि ती बाई आमटी तिखट लागल्याचं निमित्त करून डोळे पुसतेय. आप्पा त्यानंतर जेवले. आख्खी इंजेरा जेवले.

येताना रिक्षात ते आपणहून बोलले. तिकडं ज्या घरात जेवायला होते, तिथं सगळे एका ताटात बसायचे आणि घरमालकिणीची धाकटी लेक रोज त्यांच्या हातून पहिला घास घ्यायची. ती माझ्याएवढी होती. मला तिचा राग आला, खरं सांगते. जिला कधी बघितलं नाही अशा पोरीचा. माझ्या वाट्याचे नऊ वर्षांचे घास तिनं खाल्ले. मग ते म्हणाले, "तुमच्यासंगट बी करून बघितलं की. जमलं न्हाय." आणि मला आठवलं. ते कायमचे परत आले त्या आठवड्यात जेवताना त्यांनी असाच हात पुढे केला होता. मी सतरा वर्षांची, म्हटलं, मी काय लहान हाय? तू ताट उचलून परड्यात जाऊन बसलास. घास आईनं घेतला. आणि त्यानंतर रोज, आपण जेवायला यायच्या आधी, दिवस मावळायच्या आत, आईच घेत राहिली. आपल्याला वाटायचं ती फक्त वाढायला बसते.

दुसऱ्या दिवशी मी जोंधळ्याची भाकरी आणि साधी मेथी केली, त्यांच्या शेजारी बसले आणि तोंड उघडलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भरवलं. मग एक भाकरी खाल्ली. आज सहा दिवस झाले, दोन्ही वेळेला असंच चाललंय. काल काट्यावर सत्तेचाळीस भरले. कुठलं औषध दिलंत असं डॉक्टरांनी विचारलं, मी म्हटलं, घरगुती.

आता ते सदलग्याला तुझ्याकडे यायचं म्हणतायत, आणि माझं काही ऐकत नाहीत. पुढच्या बुधवारी सकाळी बेळगावला उतरतील. हे पत्र त्यांच्या आधी पोचावं म्हणून स्पीड पोस्टानं टाकतेय. तुझ्या घरी क्षमा सुनेच्या रीतीनं त्यांचं ताट साडेपाचला सोप्यात नेऊन ठेवते आणि तू रात्री नऊला येऊन जेवतोस. बाहेरच्याला त्यात काही वावगं दिसणार नाही. तुझ्या रागाला मी खोटं म्हणत नाही. नऊ वर्षं बापाविना काढलेल्या पोरानं परड्यात जाऊन बसावं, यात तुझं काही चुकलं नाही. त्यांना तू काही विचारू नकोस, माफीबिफीचं बोलणं तर नकोच, तुम्हा दोघांनाही ते जमणार नाही. बुधवारी रानातनं साडेपाचच्या आत घरी ये, हातपाय धू आणि त्यांच्या शेजारी बस. ते लगेच हात पुढे करणार नाहीत, एकदा नाकारलेल्याला धीर लागतो. म्हणून तूच आधी तोंड उघड.

तुझीच आक्का,
त्रिशला