दुसऱ्या भागातला गहू

अकोट,
११ डिसेंबर २०१३

गोवर्धनजींना आचलचा नमस्कार.

तुमच्या घरी सगळे बरे असतील. आम्हीही बरे आहोत. तुम्हाला काय म्हणून हाक मारायची ते अजून ठरलेलं नाही, म्हणून कागदावर तरी 'जी' लावलंय. फोनवर बोलता आलं असतं, पण आमच्याकडे फोन आईच्या कमरेला असतो आणि तुमचा आला की ती स्पीकर लावते.

अकोल्याच्या बसस्टँडवर तुम्ही विचारलंत, पिक्चर कसा वाटला. मी "छान होता" म्हणाले. मुलीने तेवढंच बोलायचं असतं. खरं म्हणजे निम्मा आवडला. हीरो उडतो तेव्हा मी अजूनही खुर्चीचा हात घट्ट धरते. पहिला भाग मी कॉलेजच्या मैत्रिणींसोबत पाहिला होता. दिवसा साधा कारकून, मुखवटा घातला की सगळ्या शहराचा राखणदार, आणि हिरॉईनला काही पत्ताच नाही. तेव्हा ते फार गोड वाटलं होतं. या वेळी तेच पाहून चीड आली. तिच्या भल्यासाठी लपवतो म्हणे. अहो, डोंगर उचलतो, मग तिचं भलं कशात आहे हे एकदा तिलाच विचारायला काय होतं?

श्याम आपल्या मधे बसला, त्याचा राग मानू नका. साक्षगंधाआधी मोठ्या भावाशिवाय कुठे जायचं नाही, असं आईने बजावलं होतं. त्याला पिक्चरशी घेणंदेणं नव्हतं, तो पॉपकॉर्न खात होता.

आता त्या शेवटच्या मारामारीबद्दल. दोघं आकाशातून शेतात पडले, लोळत लोळत पार टोकापर्यंत गेले. थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. आणि तुम्ही पुढे वाकून म्हणालात, "अरे बाप्पा, ओंबीवर आलेला गहू हाये न थो." हळूच म्हणालात, पण मी ऐकलं. श्यामनेही ऐकलं. नंतर लोक हीरोला खांद्यावर घेऊन नाचत होते, तरी तुम्ही मागच्या आडव्या झालेल्या गव्हाकडेच बघत होतात.

तुम्ही एमआयडीसीत सुपरवायझर आहात असं आम्हाला सांगितलंय. तुमच्यासारखा वलगावात वाढलेला सुपरवायझर गहू ओळखेलच, त्यात काही नाही. पण त्याचा जीव असा कळवळत नाही.

परतीच्या बसमध्ये श्याम म्हणाला, "मानूस कास्तकार हाये, आचल. कंपनीत-गिंपनीत काई नाई."

मी विचारलं, "आईले सांगशीन?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी काहून सांगू? माह्यावालं सांगनारे कमी होते का?"

तुम्हाला हे माहीत नसेल. आमची शेती श्याम करतो. उन्हाळ्यात तिवस्याची एक मुलगी त्याला पसंत पडली होती. तिच्याकडच्यांना आईने सांगितलं की मुलगा अकोटला बियाण्याच्या दुकानात मॅनेजर आहे. मुलीचे मामा त्या दुकानात चौकशीला गेले. तिथे श्यामला सगळे ओळखत होते, गिऱ्हाईक म्हणून. तेव्हापासून तो कुणाच्या लग्नात जेवायला थांबत नाही.

आई किती दिवस त्या लोकांना शिव्या देत होती. "कास्तकाराच्या पोरानं का बिनलग्नाचंच राहाव?" आणि माझ्यासाठी स्थळ आलं की तिचा पहिला प्रश्न, "पोरीले वावरात त नाई न जा लागत?" तिला हसू नका. कापूस वेचून वेचून तिची कंबर गेली आहे. ती दोन्ही वेळेला मनापासूनच बोलते.

मलाही शेतकरी नको होता. मैत्रिणींना तसं ठासून सांगत आले. आजही भीती वाटते. आमच्या वस्तीत कर्ज थकलेल्या कुणाच्या दारापुढे माणसं जमलेली दिसली की आम्ही आधी आपल्या घरचे कुठे आहेत ते बघतो. तुमच्याकडेही तसंच असेल. असं जगणं मी आपण होऊन का मागून घ्यावं, हे मला कळत नाही. पण परक्याच्या, तेही पडद्यावरच्या गव्हासाठी तुमचा जीव तुटला आणि तुम्ही मला आवडलात. तेव्हापासून धड जेवण जात नाही. रागही तुमचाच येतो.

रविवारी साक्षगंध आहे. पाहुण्यांना निरोप गेलेत. त्याआधी एकदा या. आईसमोर बसा आणि काय करता ते स्वतःच्या तोंडाने सांगा. ती उठून आत जाईल, भांडी आपटेल. तुम्ही जागचे हलू नका. पुढचं मी बोलेन. शेती करता म्हणून मी नाही म्हणणार नाही, एवढं लिहून देते. पण न सांगता अंगठी घेऊन आलात, तर चार माणसांत मी हात मागे घेईन. मग श्यामसारखंच तुमचंही नाव खराब होईल, आणि ते माझ्याकडून होऊ नये असं फार वाटतं.

पत्र श्यामच नेतोय. त्याने वाचलेलं नाही. पोस्टात टाकते म्हटलं तर म्हणाला, "दे इकडे. त्याचं वावरबी पाहून येतो." त्याला वावर दाखवा. घरी नसलात तर तो बांधावर थांबेल.

अजून तुमची कोणी नसलेली,
आचल