न सांगता उठून आले, त्याची हकीकत

चिरंजीव बाळास, थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

(आजोबा झालास तरी माझ्या पत्रात तू चिरंजीवच. हा हक्क मी मरेपर्यंत सोडणार नाही.) तुझा खोकला, सूनबाईंची कंबर आणि पाण्याची मोटर, तिघांच्या प्रकृती आता कशा आहेत ते सविस्तर कळव. इकडे गुडघे सोडून सर्व क्षेम आहे. फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू झालं की तू "बरं, ठेवतो" म्हणतोस, म्हणून हे पत्र. पत्रही मध्येच ठेवता येतं म्हणा, पण त्यासाठी निदान चष्मा काढण्याचे कष्ट पडतात, आणि तू जन्माचा आळशी.

तर तुझी ताई शाळेत जाते. चौथीत सुटलेली शाळा मला या परक्या देशात, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पुन्हा गाठून बसली. संध्याकाळचा वर्ग आहे, इथल्या भाषेचा. माझ्या शेजारी एक रंगारी बसतो, दिवसभर भिंती रंगवून दमलेला, तो बहुतेक झोपेत शिकतो. पलीकडे एक नर्स, ती झोप यायच्या आत शिकून घेते. मास्तरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. पण गुरू तो गुरू, ती आत आली की मी उठून उभी राहते. तिने मला पुष्कळ समजावलं की उठायचं नसतं. मग मी ऐकत नाही म्हटल्यावर तीच मला पाहून उभी राहायला लागली. आता आम्ही दोघी समोरासमोर उभ्या, आधी कोणी बसायचं ते ठरत नाही, आणि रंगाऱ्याचे डोळे उघडतात तेव्हा त्याला वाटतं वर्ग सुटला, तो कोट घालायला लागतो. (रोज नाही, पण वरचेवर.)

आमच्या पुस्तकातली माणसं फार सुखी आहेत, बाळ. सारखी बूट विकत घेतात, एकमेकांना स्टेशनचा रस्ता विचारतात आणि आज ऊन आहे म्हणून आनंदात असतात. कोणाला पोहायला आवडतं, कोणाला गाणं. मलाही 'मला पोहायला आवडतं' असं म्हणायला सांगितलं. मी म्हणाले नाही. आयुष्यात एकदा पाण्यात पडले होते ती केसाला धरून बाहेर ओढलेली, आता या वयात दुसऱ्याच्या भाषेत खोटं कशाला बोलू? पण मुद्दा पोहण्याचा नाही. मुद्दा असा की त्या सबंध पुस्तकात कोणी मरत नाही. आणि मी तर शाळेत नाव घातलं होतं ते तेवढ्याच एका धड्यासाठी.

तुला ठाऊक आहे, आपल्या विहीणबाई, म्हणजे जावयाची आई, गेल्या वर्षी वारल्या. मी इथे लेकीकडे आले ती त्यानंतर. व्याही पुढच्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर एकटे राहतात. खिडकीचे पडदे ओढलेले, फोन वाजला तर वाजू देतात. जावई किराणा नेऊन ठेवतो, बापाचा एक हुंकार ऐकतो आणि तोंड पाडून परत येतो. लग्नात मी आणि व्याही शेजारी शेजारी उभे राहून जबडे दुखेपर्यंत नुसते हसलो होतो, कारण दोघांना दुसरं काही येत नव्हतं. बोलण्याचं सगळं काम विहीणबाई करायच्या, हातांनी. माझा हात हातात घेऊन त्यांनी काय काय सांगितलं होतं. त्या बाईच्या मागे तिच्या नवऱ्याच्या समाचाराला जायचं नाही तर कोणाच्या? लेक म्हणाली, आई, मी येते, तू बोल, मी सांगत जाईन. मी म्हटलं, नको ग. समाचाराला दुभाषी नेणं म्हणजे भाड्याने रडणारी नेण्यासारखं. माझं मी बोलेन.

शेवटी मास्तरीणबाईला धरलं. तिने एक वाक्य लिहून दिलं, साधं, घरंदाज. 'तुमचं दुःख मी जाणते, त्या मलाही माझ्या वाटत.' मी ते भांडी विसळताना घोकायला लागले. जावई पलीकडे न्याहारी करत असतो. पहिल्या दिवशी त्याने चमचा खाली ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. पुढेपुढे तो माझे उच्चार सुधारू लागला. आठवडा संपेपर्यंत मी वाक्य म्हटलं की तो घास न थांबवता "आभारी आहे" म्हणायचा. दुःखाचीही सवय होते रे, आणि ते बरंच आहे.

गेले एकदाची. जिना चढले, बेल वाजवली, दार उघडलं. माणूस निम्मा झालाय. मी वाक्य अर्धं म्हटलं आणि पुढचं अर्धं गिळलं. त्यांनी मान हलवली, खुर्ची पुढे केली. बसलो. आपल्याकडे बसतात तसं, जमिनीकडे बघत, न बोलता. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. आता तूच सांग. अशा घरचा चहा आपण घेत नाही, आणि निघताना 'येते' म्हणत नाही, कारण असल्या कारणाने पुन्हा यायची वेळ कोणावरही येऊ नये. गुपचूप उठायचं, मागे न बघता निघायचं. आईने आपल्याला हेच शिकवलं. मी उठले, दार हलक्या हाताने लोटलं, जिना उतरून घरी आले आणि भाजी निवडायला बसले. मनाला एवढं हलकं वाटत होतं म्हणून सांगू.

तिकडे व्याही दोन कप घेऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी. त्यांनी मोरीत पाहिलं, जिन्यात पाहिलं, मग लेकाला फोन लावला. (कित्येक महिन्यांनी आपण होऊन फोन! जावयाला वाटलं बापाला काही झालं.) म्हणाले, तुझ्या सासूबाई मध्येच कुठेतरी गेल्यात, चहा निवतोय. जावई म्हणाला, त्या तर घरी आहेत. व्याही म्हणाले, शक्य नाही, त्या इथेच आल्यात, अजून निघालेल्या नाहीत. इकडे लेक माझ्यावर उखडली, तू एक शब्द न बोलता उठून कशी आलीस, इथे याला अपमान म्हणतात. मी रीत सांगितली, लेकीने ती नवऱ्याला सांगितली, नवऱ्याने बापाला. तीन तोंडांतून जाताना रीत पार आटली आणि त्यांच्यापर्यंत एवढंच पोचलं की बाईंना डॉक्टरने चहा बंद केलाय.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. दार मी लोटलं होतं तसंच, कडी नाही. टेबलावर दोन कप, वर बशा झाकलेल्या. मी पुस्तकातली क्षमा मागायला लागले, त्यांनी हाताने थांबवलं आणि सावकाश, मला समजेल असं बोलले.

"सगळे नीट निरोप घेऊन गेले. त्यांचं येणं संपलं. तुम्ही निरोप घेतला नाहीत, म्हणून मी कडी लावली नाही."

मी खाली बसले आणि तो कालचा चहा प्यायले. (गार, साय धरलेला. नको म्हणायचे शब्द येत होते, तरी प्यायले.) मग ते बोलत सुटले. मला त्यातलं पाव कळलं. कोपऱ्यात धुतलेल्या चादरींचा ढीग पडला होता, गोळे करून टाकलेला. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, हे काम दोघांचं असतं. मी उठून दोन टोकं धरली, त्यांनी दोन धरली. पुढे या, मागे जा, झटका, पुन्हा पुढे या. सगळ्या ढिगाच्या घड्या झाल्या. शेवटच्या चादरीला मात्र त्यांनी तोंड त्यातच लपवलं, आणि मी माझी टोकं धरून उभी राहिले.

आता वर्ग नसेल त्या दिवशी दुपारी जाते. ते माझा गृहपाठ तपासतात. मास्तरीणबाई मऊ आहे, हा माणूस छडीचा आहे. निघायची वेळ झाली की ते मुद्दाम स्वयंपाकघरात जातात आणि मी उठून येते. दोघांनाही तेच बरं पडतं.

पुरे करते. थोरांना नमस्कार, धाकट्यांना पापा, आणि सूनबाईंना सांग, ओझं उचलू नका.

तुझी ताई
(इयत्ता पहिली, संध्याकाळचा वर्ग)

ता. क. परीक्षेत नापास झाले. हे ऐकून व्याही असे संतापले की कोट चढवून, जिना उतरून, मास्तरीणबाईला जाब विचारायला थेट वर्गात येऊन धडकले. वर्षाने रस्त्यावर पाऊल टाकलं त्यांनी. सासू नापास झाल्याचं इतकं कौतुक कुठल्या जावयाने केलं नसेल, पेढे वाटायचेच बाकी होते.

ता. क. दुसरा, आणि खरं पत्र इथून वाच. आपल्या अण्णाची, तुझ्या सख्ख्या भावाची, बायको जाऊन महिने झाले, तू अजून त्याच्या दारात गेला नाहीस, हे मला सूनबाईंकडून कळलं. सामाईक भिंतीवरून तुमचा अबोला आहे ते ठाऊक आहे. 'आता जाऊन बोलू तरी काय' असं तू म्हणालास म्हणे. काही बोलू नकोस. जा, बस, तो पाणी आणायला आत गेला की उठून ये. मला इथे त्यासाठी शाळेत नाव घालावं लागलं. तुमच्या दोघांत तर एका भिंतीपलीकडे काही नाही, आणि भाषा दोघांची आईचीच आहे. पत्र खाली ठेव आणि चप्पल घाल.