बाटलीवरची काकू

१४ नोव्हेंबर
केदारचा फोन. पुण्यातल्या त्याच्या ब्रुअरीत आपल्या ज्वारीच्या बियरचे तीन नळ होते, आता एकच ठेवणार. "लोकांचं बियरनं पोट फुगतं रे आता. जिन मागतात, मोहाची मागतात. छोट्या भट्टीची, मागे काहीतरी गोष्ट असलेली." गोष्ट असलेली दारू! इथं देशीच्या दुकानासमोर रोज संध्याकाळी एवढ्या गोष्टी आडव्या पडलेल्या असतात, त्या कुणी पुण्याला नेत नाही.
मालदांडी ज्वारी भिजवून, मोड आणून, वाळवून पाठवायचो. आई म्हणायची, खायच्या धान्याची दारू, पाप हाय. आता पापालाही गिऱ्हाईक उरलं नाही.

२ डिसेंबर
के. नं नवीन काढलंय. रम. कारखान्याच्या मळीची नाही, गुऱ्हाळाच्या काकवीची. काकवी मी पाठवायची, गोव्यात भट्टीवर दारू निघणार, पुण्यात विकणार. माजलगावच्या कालव्याखाली ऊस काय कमी आहे! पुन्हा कामाला लागलो, बरं वाटलं.
लेबलवर खरी ऊसतोड बाई हवी म्हणे. "मॉडेल नको. नखं बघून लोक ओळखतात."
नाव काय ठेवायचं विचारलं. मी म्हणालो, खोपी. तोडीवाले कारखान्याच्या तळावर पाचटाच्या खोपीत राहतात. त्याला लई आवडलं.

११ जानेवारी
फोटो झाला. सुमनकाकूचा.
माझी सख्खी चुलती. चुलता होता तोवर दोघं मिळून एक कोयता. तो गेल्यावर मुकादम म्हणाला, एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, टोळीत नको. तेव्हापासून गावातल्याच उसात जाते.
"कशाला रं फोटू?"
"काकवीसाठी. पुण्यात पाठवायची आहे."
"काकवीवर माझं तोंड? इकंल का ती मग?"
हसली आणि घरात गेली. बाहेर आली ती लुगड्यावर चुलत्याचा निळ्या चौकड्याचा शर्ट घालून. तोडीला बायका नवऱ्याचे जुने शर्ट घालतातच, पाचट कापतं म्हणून. पण हा इस्त्रीचा. "ह्यो तोडीला घालत न्हाई. फाटंल. फोटूत दिसू दे."
चुलता तळावरच्या खोपीत दारू पिऊनच गेला. सकाळी काकू उठवायला गेली तर…
खोटं बोललो नाही. काकवीसाठीच होता फोटो. (हे वाक्य दिवसभर स्वतःलाच ऐकवतोय. खरं असतं तर एकदाच पुरलं असतं.)

२० फेब्रुवारी
बाटली आली. देखणी. काकू खांद्यावर कोयता घेऊन उभी, शर्टाची कॉलर ताठ. मागं लिहिलंय: बीडची माती, तिचं रान, तिची रम. काकूला रान कुठलं? मजकूर माझ्याकडं तपासायला आला होता. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं.
के. खूष. "बियरवाले सगळे इकडं वळले. ग्लास उजेडात धरून बघतात." काय बघतात देव जाणे.
बाटली ज्वारीच्या कणगीत खोल खुपसली.

१८ मार्च
टोळ्या परत आल्या. गाव भरलं. आणि काकू दारोदार फिरायला लागली. देशीचं दुकान बंद करायचं. बायकांचं मतदान होतं त्याला, चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच बंद. म्हणून ती टोळ्यांची वाट बघत थांबली होती. मला पत्ताच नाही.
आज आमच्याकडं आली. "आमोल, तू शिकलेला हायस. अर्ज लिवून दे."
लिहून दिला. झकास लिहिला. व्यसनानं उद्ध्वस्त झालेले संसार वगैरे. लिहिताना हात जराही अडखळला नाही, याचीच लाज वाटते.

९ एप्रिल
आईनं कणगी उपसली. बाटली पुसून माझ्या पुढ्यात ठेवली.
"सुमीला दावलीस?"
"नाही."
"मग दाव. न्हाईतर कुनी दुसरा दावल."
मतदान झाल्यावर दाखवू म्हटलं. आईनं जेवायला वाढलं नाही, रिकामं ताट ठेवून निघून गेली.
संध्याकाळी बायका सह्या घेऊन आल्या. काकू सगळ्यांदेखत म्हणाली, "आमोल हाय म्हणून जमलं." आई आतून माझ्याकडं बघत होती. मी मान खाली घालून सह्या नीट लावत बसलो.

२७ एप्रिल
झालं. पुण्यात डिलिव्हरी करणाऱ्या गावच्याच एका पोरानं बाटलीचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. वर दुकानवाल्यानं लिहिलं: "हिची बाटली पुण्यात उभी, आमची तेवढी आडवी का म्हनून?"
पारावर हा हा करून हसले लोक. काकूकडं साधा फोन. तिला हे कळलं ते पिठाच्या गिरणीवर, एका बाईनं तोंडावर विचारलं तेव्हा. किती घेतलं गं फोटूचं?

२८ एप्रिल
बाटली घेऊन काकूकडं गेलो. शिव्या घालेल वाटलं होतं. घालायला हव्या होत्या.
चुलीपुढं बसून बाटली जाळाच्या उजेडात धरली. शर्टावरून बोट फिरवलं.
"लई चांगला आलाय शर्ट."
मग म्हणाली, "माझं काय न्हाई रं. मला लोक वळखत्यात. पर ह्यो शर्ट त्यांचा हाय. ज्या बाटलीनं नेलं तिच्यावरच नेऊन चिकटवलंस त्यांला."
मी म्हणालो, लेबल काढायला लावतो.
"काढ, न्हाईतर ऱ्हाऊ दे. बायकांपुढं सांग फकस्त. म्या तोंड इकलं न्हाई म्हनून. त्या फिरल्या तर दुकान कुनाच्या बापाला हालायचं न्हाई."
हो म्हणालो. तिनं चहा दिला. कसा प्यालो माझं मला माहीत.

३० एप्रिल
के.ला फोन केला. म्हणाला, "अरे, हे तर भारीच आहे! दारूबंदीवाली बाई आणि बाटलीवर तीच. यावर काहीतरी करू या." फोन ठेवणार होतो. तर वर म्हणतो, आहे तो माल संपू दे, पुढच्या खेपेला तसंही लेबल बदलणारच. तरुण पोरं आता बिनदारूचं मागायला लागलीत. कोकम, आलं, सोडा.
म्हणजे येत्या दिवाळीला 'खोपी' कुणाच्या लक्षातही राहणार नाही. पुण्यात.

३ मे
मारुतीच्या पारावर बायकांची बैठक. गेलो. काकू पुढं बसलेली. माझ्याकडं बघून मान हलवली, ऊठ म्हणून.
उठलो. घसा साफ केला. "काकूची यात काही चूक नाही," एवढं म्हणालो.
मागून एकीनं विचारलं, "मग कुनाची?"
आणि मी म्हणालो… पुण्याच्या लोकांची.
लिहितानाही कान तापलेत. काकवीचं सांगितलंच नाही. माझं नावही घेतलं नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पुण्याच्या लोकांना हिचं घर कुणी दाखवलं मग? हे कुणी विचारलं नाही, पण पारावर ते सगळ्यांना ऐकू आलं. काही उठून गेल्या. काकूनं बटवा कमरेला खोचला आणि पदर सावरत निघाली. माझ्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही.
घरी आल्यावर आई म्हणाली, "चुलता गेला तवा तुला खांद्यावर घेऊन हिंडली ती."
माहीत आहे, आई.

६ मे
आज मतदान. शाळेत.
सकाळी दार वाजलं. काकू. लुगड्यावर तोच शर्ट, इस्त्री केलेला. कोयता नाही, बाकी हुबेहूब लेबल. म्हणाली, असंच जाणार. ज्यांना बघायचंय त्यांनी नीट बघून घ्यावं.
"तू बी चल. शाळंच्या वाटंला उभा ऱ्हा. बाटली घे संगं."
"आणि?"
"आनि काय! बाया इचारतील, सांग. एकेकीला सांग. पारावर येकदम जमलं न्हाई न्हवं तुला?"
बाटली पिशवीत घातली. तिनं बघितलं. "पिशवीत न्हाई. हातात धर."
पुढं गेली. मी अजून घरातच, हे लिहीत बसलोय. दारातून शाळेची वाट दिसते. बायका निघाल्यात. आईसुद्धा चप्पल शोधतेय. दुकानवाला कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसलाय, मला बघून हात करेल, आपला माणूस म्हणून.
बाटली काढली पिशवीतून. निघतो. सुरुवात काकवीपासून करायची.