चाळीस वासांची परीक्षा आणि माझे अकरा गुण

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो. प्रत्यक्ष घातला तर मला पुन्हा उभं करायला दोन माणसं लागतात आणि घरात सध्या एकच आहे, तीही वैतागलेली.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला असेल, नसेल तर निदान त्यांनी तुझ्याशी भांडायचं थांबवलं असेल. आम्ही दोघं ठीक. ठीक म्हणजे काय, तेच सांगायला हा कागद घेतला.

तीस वर्षं मी पाव भाजतोय ते घड्याळावर नाही, नाकावर. पाव तांबूस झाला की भट्टीतून एक वास येतो, तो आला की दार उघडायचं, संपलं. तर गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी भट्टीसमोर स्टुलावर बसून शब्दकोडं सोडवत होतो, आणि तुझी भावजय वरच्या मजल्यावरून ओल्या केसांनी धावत खाली आली, "अहो, आग लागलीय का?" म्हणत. समोर तीन ट्रे कोळसा! धूर इतका की मला कोड्यातली घरं दिसेनाशी झाली होती, आणि मी मनाशी ठरवत होतो की आता चष्मा बदलायला हवा. नाकाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं आणि नाक स्वच्छ असल्याचं सांगितलं. (एवढं कौतुक या नाकाचं आजवर कुणी केलं नव्हतं.)

त्यात डावा हात. तो वर्षभरापासून आपला आपण थरथरत होता, आणि मी तो ॲप्रनच्या खिशात लपवून एका हाताने गिऱ्हाइकं करत होतो. शेजारच्या शिंप्याने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, खिशात उंदीर पाळलाय का. एक डॉक्टर म्हणाले, हात थरथरणं काहींच्या घराण्यातच असतं, सोडून द्या. दुसरे म्हणाले, सोडू नका. शेवटी तुझ्या भावजयीने मला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. त्यांनी बोटं टिचकवायला लावली, लांबलचक व्हरांड्यात चालवलं (चालताना माझा डावा हात हलतच नाही म्हणे, आयुष्यभर घरात मी हललो नाही अशी तक्रार होती, आता हातावर आली), आणि मग म्हणाल्या, "आता वासाची परीक्षा."

परीक्षा म्हणजे चाळीस पानांची वही. प्रत्येक पानावर एक तपकिरी पट्टी, ती पेन्सिलीने खरवडायची, हुंगायची आणि खालच्या चार उत्तरांपैकी एकावर खूण करायची. पहिल्या पानावर पुदिना, पेट्रोल, गुलाब, चामडं. मला वास आला तो पेन्सिलीचा, तोही शाळेतल्या आठवणीतला. तेवढ्यात शेजारून तुझी भावजय, "अहो, पेट्रोल! माझं डोकं चढलं आणि तुम्हाला कळत नाही?" परीक्षा घेणाऱ्या बाईंनी तिला बाहेर काढलं. मग ती दाराच्या काचेतून खुणा करू लागली. तिने हातांनी गुलाब दाखवला, मला तो कोबी वाटला. शेवटी मी सगळीकडे तिसऱ्या उत्तरावर खूण करत सुटलो. चाळीसपैकी अकरा! शाळेत गणितात यापेक्षा कमी पडायचे, म्हणून मी खुशीत होतो. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "काका, डोळे मिटून खुणा केल्या तरी दहाएक येतात." म्हणजे तीस वर्षांच्या धंद्यानंतर माझ्या नाकाची स्वतःची कमाई एक गुण.

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढून नीट सांगितलं. हात थरथरण्याची कारणं बरीच असतात, आणि त्यातल्या काहींत नाक शाबूत राहतं. पार्किन्सनच्या आजारात मात्र वास बहुतेकदा आधी जातो, हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी. नुसत्या नाकावरून काही ठरत नाही, सर्दीनेही वास जातो, वयानेही. पण हात, चाल आणि नाक एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर निदान करायला मोठी मदत होते. माझी तिन्ही एकाच दिशेला दाखवत होती. ताई, खरं सांगतो, नाव कळल्यावर मला हलकं वाटलं. वर्षभर मी खिशात लपवत होतो त्याला नाव होतं, आणि औषधही होतं. मुळापासून जात नाही, पण आवरतं. आता तीन महिने गोळ्या चालू आहेत. शर्टाची बटणं माझी मी लावतो. कणीक रोज मळतो, ती तर व्यायाम म्हणून लिहूनच दिलीय. भट्टीला घंटेचं घड्याळ बसवलंय, आणि हात खिशाबाहेर असतो. शिंप्याला मीच सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेला.

भावोजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद.

तुझं शेंडेफळ

ता. क. हलकं वाटलं असं वर लिहिलंय ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दिवशी मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडलो. तुझ्या भावजयीने माझा डावा हात हातात धरून ठेवला. हे तिला विचारू नकोस, ती नाकबूल करील.

ता. क. दुसरा, आणि पत्र खरं यासाठीच. सूनबाईचा फोन आला होता. चुलीवर दूध करपून काळं झालं आणि तू शेजारीच भाजी निवडत बसली होतीस. तिच्या हाताला चव नाही म्हणून वर्षभर तू तिला बोलतेस. ताई, ती आमच्याकडे येऊन रांधते तेव्हा तुझी भावजय दोनदा वाढून घेते. आणि तुझं मागचं पत्र समोर आहे. पहिली ओळ ठसठशीत, शेवटची मुंगीएवढी. लिहिता लिहिता अक्षर असं बारीक होत जाणं हीही या आजाराची एक खूण, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. कदाचित काहीच नसेल, नुसती सर्दी असेल. पण डॉक्टरीणबाईंकडे मंगळवारी अकराची वेळ तुझ्या नावाने घेतलीय, सोमवारच्या गाडीला उतरवून घ्यायला आम्ही दोघं येतो. यायचं नसेल तर तसं कळव. मात्र स्वतःच्या हाताने, एक पानभर, आणि शेवटची ओळ पहिलीएवढीच मोठी काढून.